परण्यापुढे नाचायचं कोणी?

लातूर-नांदेडात डिस्को नाही, पब नाही, म्हणून इथे नाचाला इतिहासही नाही, असं पुण्यात शिकायला गेलेल्या आमच्या पोरांना वाटतं. माझं अहमदपुरात कॅसेटचं दुकान होतं. लग्नाला, जयंतीला, गणपतीला लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदाही त्याच दुकानातून चाले. गिऱ्हाईक काय मागतं, किती वेळासाठी मागतं आणि कशावर घासाघीस करतं, यावरून मला जमाना कळायचा. यंत्रं बदलली, गाणी बदलली, हे कोणीही सांगेल. मला मोठा बदल दिसतो तो वेगळाच. पूर्वी आपण नाच बघत होतो, आता आपण नाचतो.

लातूर जिल्हा झाला 16 ऑगस्ट 1982 ला. त्याआधी आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातले. त्या काळी परण्या निघाला म्हणजे नवरदेव घोड्यावर, पुढे हलगी, डफडं, सनई आणि मारुतीपर्यंतचा रस्ता. वाजवणारे बहुतेक मातंग समाजाचे. नाचलंच कोणी तर त्यांच्याच घरातलं एखादं पोरगं, नाहीतर दुपारपासून घेऊन बसलेला नवरदेवाचा चुलतभाऊ. बाकीची वऱ्हाडी मंडळी टोप्या सावरत मागून चालायची. देशमुखाच्या, पाटलाच्या पोरानं भर रस्त्यात अंग हलवलं असतं तर सोयरीक मोडली असती. नाच ही दुसऱ्यानं करायची गोष्ट होती. आपण फक्त नोट दाखवायची.

नोट दाखवायची सगळ्यात मोठी जागा माळेगाव. लोहा तालुक्यातलं हे खंडोबाचं ठाणं नांदेड-लातूर रस्त्यावरच आहे. मार्गशीर्षातल्या वद्य पक्षात यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, देवणी आणि लाल कंधारी बैल यांचा बाजार भरतो. भंडाऱ्यानं रस्ता पिवळा होतो. एकीकडे वाघ्या-मुरळी घाटी आणि तुणतुण्यावर जागरण घालतात आणि पलीकडच्या माळावर तमाशाच्या कनाती उभ्या राहतात. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तिथे सुपाऱ्या देतात. मोठ्या यात्रांत मात्र फड तिकिटावर खेळतो. माळेगावातली गर्दी तिकिटाची. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि पहाटेपर्यंत वग. आम्ही कॉलेजात असताना वग पाहायला जातो असं घरी सांगायचो. जायचो रंगबाजीला.

तंबूत एक गोष्ट पक्की होती. बाई फळीवर, आपण मातीवर. मधल्या दोरीपाशी फडाचा माणूस काठी घेऊन उभा. शिट्टी मारा, फेटा उडवा, पण पाय जागचे हलवायचे नाहीत.

‘डिस्को डान्सर’ 1982 साली आला आणि पोरांनी पँटी घट्ट शिवून घेतल्या, पण नाचायला जागा कुठे होती? ती मिळाली बँजो पार्टीमुळे. हा बँजो म्हणजे आपला बुलबुल तरंग. 1912 साली जपानातल्या नागोयात गोरो मोरिता याने ताइशोगोतो नावाचं वाद्य बनवलं, त्याचा हा हिंदुस्थानी वंशज. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारख्या बटणांच्या रांगा. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं तार छेडायची. तारांखाली पिकअप बसवला, त्याची वायर ॲम्प्लिफायरला जोडली की त्या एवढ्याशा पेटीतून सनईसारखा चिरका, लांबवर जाणारा आवाज निघे. बरोबर साइड ड्रम, ढोलकी, झांज आणि हातगाड्यावर बॅटरी नि दोन भोंगे. माझ्या दुकानावर एक बँजोवाला यायचा. नवं गाणं दोनदा ऐकायचा, तिसऱ्यांदा काउंटरवरच बोटं चालवायचा आणि कॅसेट न घेताच निघून जायचा. संध्याकाळी ते गाणं परण्यापुढे वाजत असे. माझा धंदा बुडायचा, पण त्याच्या कानाला मी कधी पैसे लावले नाहीत.

बँजो हलगीपेक्षा स्वस्त होता असं नाही. सिनेमाचं गाणं ओळखू येईल असं वाजे, ही त्याची जादू. गाणं ओळखीचं झालं की पाय आपोआप उचलतात. आनंद शिंदेंचा ‘नवीन पोपट’ वाजला तेव्हा मागून चालणारी मंडळी पहिल्यांदा पुढे आलेली मी पाहिली.

तरी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून शेकड्यांनी नाचायला लोक शिकले ते भीमजयंतीत, असं माझं ठाम मत आहे. 14 जानेवारी 1994 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. त्यासाठी सोळा-सतरा वर्षं या भागानं जाळपोळ आणि मरणं सोसली होती, त्यात नांदेड जिल्हा तर पोळून निघाला होता. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आमच्याकडचे भोंगे, बॅटऱ्या, सगळं आठवडाभर आधीच उचललं गेलं. वामनदादांची गाणी, प्रल्हाद शिंदेंचा आवाज आणि रस्त्यावर बाया, म्हाताऱ्या, शाळेतल्या पोरी. ज्यांच्या आज्या-पंज्यांना दुसऱ्याच्या वरातीपुढे राबावं लागलं, ते आपल्या दिवशी, आपल्या गाण्यावर, आपल्यासाठी नाचत होते. कडेला उभं राहून नोट दाखवणारा कोणी नव्हता. बाकीच्या समाजांनी हे पाहिलं आणि पुढच्या काही वर्षांत आपापल्या मिरवणुकीत उचललं. हे उसनं आहे, असं मात्र कोणी कबूल करत नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी किल्लारीचा भूकंप झाला होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची रात्र सरताना. विसर्जन करून, थकून लोक झोपले होते. त्यानंतर औसा-उमरगा पट्ट्यात कित्येक गावांनी मिरवणुकीचं नाव काढलं नाही. भाड्याला दिलेला आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराचा भोंगा ढिगाऱ्यात गेला. पैसे मागायला तो गेला नाही.

डीजे आला तो 2000 नंतर. लोक त्याला आधी डॉल्बीच म्हणत, कंपनीचा काही संबंध नसताना. भोंग्यातून सूर लांब जायचा पण ठोका जात नसे. जाड आवाज त्याच्या गळ्याबाहेरच होता. अठरा इंची बेसच्या पेट्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आणि मग आयशरवर चढल्या तसा ठोका छातीत बसू लागला. आता गाणं माहीत असायची गरज उरली नाही. मुका-बहिराही नाचू शकतो, आणि नाचतो. तोट्याची बाजू एवढीच की बँजो पार्टीतली सहा-सात माणसं गेली आणि त्यांच्या जागी लॅपटॉपवाला एक पोरगा आला. माझा कॅसेटचा धंदाही त्याच वाटेनं गेला, पण मी निदान मोबाईलचं रिचार्ज विकू लागलो. बँजोवाल्याला ते सुचलं नाही. तो ऊसतोडीला गेला.

मुंबईतले डान्सबार ऑगस्ट 2005 मध्ये बंद झाले. सरकारला बंद खोलीतला नाच खुपत होता, आणि इकडे रस्त्यावरचा नाच हातपाय पसरत होता. कायदा त्यालाही होताच. 2000 च्या नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिवर्धक बंद, निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. सर्वोच्च न्यायालयानं 18 जुलै 2005 ला रात्रीची बंदी पक्की केली. वर्षात फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत. आता 55 डेसिबल म्हणजे दोन माणसांचं बोलणं. आमची साधी हलगीसुद्धा त्यात बसत नाही. असा आकडा कागदावर असला की पोलिसाला कोणालाही पकडता येतं आणि कोणालाही सोडता येतं. लातुरात क्लासेसच्या भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची पोरं कानात कापूस घालून बसतात, तेव्हा त्या आकड्याचा काही उपयोग झालेला मला दिसला नाही.

2016 चा उन्हाळा मात्र विसरता येत नाही. एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. टाक्यांभोवती भांडणं नकोत म्हणून त्याआधीच जमावबंदी लागली होती. महिनाअखेरीस ‘सैराट’ लागला आणि लग्नसराईत ‘झिंगाट’शिवाय परण्या हलेना. घागरभर पाण्यासाठी रात्र जागवलेल्या बाया दुपारी हळदीत नाचत होत्या. एका मांडवात नवरीच उठून आली. तिची आजी आधी डोळे वटारून बघत होती, मग पदर खोचून तीही घुसली. पेपरवाल्यांनी दुष्काळात उधळपट्टी असं लिहिलं. मला ते पटलं नाही. ती आजी तिच्या स्वतःच्या लग्नात मान वर करूनही बसली नव्हती.

म्हणून डीजेला नुसत्या शिव्या घालणाऱ्यांत मी नाही. भिंतींना तडे जातात, माझ्याच छातीत धडधडतं, परवा पोरगा म्हणाला, “काका, जरा सरका, बेस चेक करायलोत,” तर मी मुकाट दुकानाचं शटर ओढलं. हे सगळं खरं. पण बघ्यांना नाचायला लावलं ते बँजोनं, जयंतीनं आणि या पेट्यांनी. लावणीच्या शालेय प्रबंधांनी नव्हे.

अलीकडे पोलीस ट्रॉली अडवतात म्हणून लग्नात पुन्हा हलगी येऊ लागली आहे. पोरं तिच्यावर बेसइतकीच बेभान होतात. वाजवणारे मात्र म्हातारे आहेत. त्यांच्या मुलांनी हा धंदा सोडला, आणि लोकांनी ज्या नजरेनं त्यांच्या बापाला पाहिलं ते बघता बरंच केलं. त्यांना परत आणायचं तर मान आणि पैसा दोन्ही आधी मोजावं लागेल. माळेगावच्या यात्रेत जिल्हा परिषद पशुप्रदर्शन, कुस्त्या आणि लावणी महोत्सव भरवते. त्यात एक रात्र हलगी आणि बँजोवाल्यांना द्यावी. मानधन लावणीच्या पथकाइतकंच द्यावं, रोख आणि त्याच रात्री. आणि त्या मांडवात खुर्च्या मांडू नयेत, पहिल्या रांगेत पुढाऱ्यांसाठी सोफे तर मुळीच नकोत.