शिवेवर पोचवलेला माग

घरफोडी या शब्दात दार कुठेच नाही. फोडायचं ते घर, म्हणजे भिंत. जालना जिल्ह्यात भोकरदन-जाफराबादपासून परतूर-मंठ्यापर्यंतची जुनी गावठाणं पाहिली की हा शब्द का पडला ते कळतं. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं माळवद, रस्त्याकडे खिडकी जवळपास नाहीच आणि एकच दार, त्याला आतून आडवा अडसर. अशा दाराशी चोर झटत बसत नसे. पावसात मऊ पडलेल्या मागच्या भिंतीला पहार लावली की माणूस शिरेल एवढं भगदाड पडे. मृच्छकटिक नाटकातला शर्विलक चारुदत्ताच्या घरात असाच भिंत फोडून शिरतो. १८६० च्या दंडसंहितेनेही घरफोडी समजावताना पहिलं उदाहरण दिलं ते भिंतीला भोक पाडून आत हात घालणाऱ्याचंच. मग भिंत फुटणारच हे सगळ्यांना ठाऊक असताना लोक रात्री कशाच्या भरवशावर झोपत? कुलपाच्या नाही, भिंतीच्याही नाही. माझ्या मते तो भरवसा ‘माग’ या दोन अक्षरांत होता.

माग हा संस्कृत ‘मार्ग’चाच झिजलेला शब्द. ‘मागे’ आणि ‘मागोवा’ ही त्याचीच भावंडं. जाणारा पुढे जातो आणि त्याची वाट मागे उरते, ती उरलेली वाट म्हणजे माग. गावठाणाची जमीन ती पांढरी आणि शेताची ती काळी. पांढरीतून निघालेला चोर काळीत उतरला की ओल्या मातीत त्याचा पाय उमटायचा. टाच किती रुतली, अंगठा कुठे वळला, पाऊल लांब पडलं की आखूड, यावरून ओझं होतं की नव्हतं, पळाला की चालला, हे रात्री गाव राखणारा जाणता जागल्या ओळखी. पावलाचं माप घेई आणि उजाडल्याबरोबर, गुरं बाहेर पडून ठसे मोडायच्या आत निघे.

माग शिवेपर्यंत गेला की पलीकडच्या गावच्या राखणदाराला बोलावून तो दाखवायचा. त्याला पटलं की पहिल्या गावाची जबाबदारी संपली आणि दुसऱ्याची सुरू झाली. दुसऱ्याने तो तिसऱ्याच्या शिवेवर पोचवायचा. ज्या गावात माग विरला त्या गावाने चोरीची भरपाई द्यायची. आधी राखणदाराने ऐपतीप्रमाणे, उरलेली सगळ्या गावाने. पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कमिशनर झालेल्या एल्फिन्स्टनने ही रीत तपशिलाने नोंदवली आहे. ती त्याने शोधली नव्हती, पेशव्यांनीही घातली नव्हती. याज्ञवल्क्यस्मृतीत चोराचा माग गावाबाहेर गेल्याचं दिसत नसेल तर दोष गावप्रमुखाचा, शिवेच्या आत चोरी झाली तर गावाने भरावं, नाहीतर पाऊल जिथे जाईल त्याने, आणि शिवेबाहेर कोसापलीकडे घडलं तर पाच किंवा दहा गावांनी मिळून, असं सांगितलं आहे. या स्मृतीवरची मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत. आजचं बसवकल्याण ते, मराठवाड्याच्या सीमेला लागून.

कुणी म्हणेल, एल्फिन्स्टनने लिहिलं ते पेशव्यांच्या मुलखाबद्दल, जालना तर निजामाचं. पण १८०३ मध्ये इंग्रजांनी जालना घेतलं ते शिंद्यांकडून, निजामाकडे ते त्यानंतर आलं. वरचा धनी बदलला म्हणून शीव, वेस आणि वेस राखणारा येसकर बदलत नव्हते. दुसरं कुणी तटाकडे बोट दाखवील. जालन्याचा मस्तगड १७२५ साली काबील खानाने बांधला, शहराला तट होता, त्याला मूर्ती दरवाजा आणि हैदराबाद दरवाजा होते. पण तट फौजेला अडवतो. रात्रीचा चोर बरेचदा आतली माहिती असलेला, दिवसा त्याच वेशीतून राजरोस आलेला असतो. तिसरा आक्षेप एल्फिन्स्टनचाच आहे: निरपराध गावाकडून भरपाई घेणं अन्यायाचं, आणि ती पुरती वसूल होई तीही क्वचितच. हे खरं आहे. तरीही वसूल होण्याची भीती पुरेशी होती. शेजाऱ्याच्या चोरीची तोशीस आपल्याला लागणार म्हटल्यावर गाव आपल्यातल्या माणसाला पाठीशी घालताना दहादा विचार करतं.

चौथा आक्षेप मात्र मी पुरता मान्य करतो. हा येसकर महार होता आणि त्याचं घर गावकुसाबाहेर होतं. ज्या भिंतींसाठी तो जागत होता त्यांच्या आत त्याला जागा नव्हती, आणि चोरी झाली की पहिली भरपाई त्याच्याच फाटक्या पदरातून. महार वतनाच्या या वेठीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं, ते रास्तच होतं. ती व्यवस्था परत यावी असं म्हणणं अमानुष होईल. मला त्यातला एकच धागा वेगळा काढायचा आहे: जबाबदारी ठशावर ठरायची. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नेमकं हेच उलटं केलं. पाऊल कुठे गेलं हे बघण्याऐवजी माणूस कुठे जन्मला हे बघितलं. तो कायदा १९५२ साली गेला. पण आजही गावात घरफोडी झाली की पहिली नजर गावाबाहेरच्या पालांवर जाते. माग न बघता आळ घेण्याची ही खोड जुन्या जागल्याला परवडली नसती, कारण शिवेवरच्या दुसऱ्या जागल्याला पटवायला त्याला ठसाच दाखवावा लागे.

आता जागल्या नाही. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने नेमलेला पोलीस पाटील आहे, ठाणं आहे, चौकाचौकात कॅमेरे आहेत. श्वानपथक येतं आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ठरलेलं वाक्य असतं: श्वानाने डांबरी रस्त्यापर्यंत माग काढला. तिथून चोर वाहनाने गेलेला असतो. माग तिथे संपतो असं आपण धरून चालतो, पण खरं तर तिथे पुढच्या गावाची शीव सुरू होते. चोरांचं वाहन पुढच्या फाट्यावरून, पुढच्या कॅमेऱ्यासमोरून आणि पुढच्या गावच्या जागत्या माणसासमोरूनच जातं. राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा सुरू आहे. तिच्यात एक फोन केला की गावासकट आसपासच्या गावांतले मोबाईल एकदम वाजतात. शिवेवर माग पोचवण्याचीच ही रीत, फक्त पायांऐवजी आवाजाने. म्हणून अंबड-घनसावंगीच्या, बदनापूर-भोकरदनच्या गावांना एवढंच सांगणं आहे: घराला ग्रिल लावाच, पण आजच शीवशेजारच्या चारही गावांच्या पोलीस पाटलांचे नंबर लिहून घ्या, तुमचे त्यांना द्या, आणि रात्री दोन वाजता त्यांचा फोन आला तर उठा.