अखेरची मुदत आणि अदलाबदलीचा माणूस

आमचा एक पुतण्या अमेरिकेत नोकरीस आहे. मागे एकदा जुलै महिन्याच्या अखेरीस त्याचा फोन आला. म्हणाला, “काका, तुम्ही जन्मभर मालकांशी वाटाघाटी केल्या. मला एक सांगा. माझ्याजवळ एक मोठा खेळाडू आहे. तीन दिवसांत मुदत संपते. द्यावा की ठेवावा?” आम्ही चकित झालो. आमच्या घराण्यात बेसबॉल संघाचा मालक कोणी झाल्याचे आम्हांस ठाऊक नव्हते! मग उलगडा झाला. संघ कागदी, मालकी कागदी, मात्र खेळाडू खरे.

या खेळाला तिकडे फँटसी बेसबॉल म्हणतात. त्याचे आजचे रूप डॅनियल ओक्रेंट नामक लेखक-संपादकाने व त्याच्या मित्रांनी १९८० साली न्यूयॉर्कमध्ये घडविले. ज्या फ्रेंच खाणावळीत ही मंडळी जमत, तिच्या नावावरून त्याला रोटिसेरी हे नाव पडले. प्रत्येकाने २६० डॉलरांच्या मर्यादेत लिलावात २३ खरे खेळाडू घ्यावयाचे. ते मैदानावर जे करतील त्याचा हिशेब आपल्या खात्यावर मांडावयाचा. आयपीएलचा लिलाव पाहिलेल्या श्रोत्यांस यात अवघड असे काही नाही. गुण मिळतात ते चौकारषट्कारांसारख्या निरनिराळ्या रकान्यांत तुमचा क्रमांक कितवा, यावरून. म्हणून एका रकान्यात तुम्ही फार पुढे असाल, तर तेथील जास्तीची कमाई फुकट जाते. ती देऊन, ज्या रकान्यात मागे आहात तेथला माणूस घ्यावा, हा अदलाबदलीचा पहिला धडा.

दुसरा धडा अधिक कडू आहे. हंगाम अर्ध्यावर आला की संघांचे दोन तट पडतात. एकास अजून जिंकण्याची आशा असते, दुसऱ्याची मावळलेली असते. जेथे खेळाडू पुढील वर्षासाठी राखता येतात, तेथे आशा सुटलेला मालक आपले महागडे मोहरे आशावंताच्या पदरात टाकतो आणि बदल्यात स्वस्तातली तरुण पोरे घेतो. दोघांचेही भले होते. पण अशी देणगी न मिळालेला तिसरा, चौथा गडी बुडतो आणि भांडणे लागतात. म्हणून अदलाबदलीस अखेरची मुदत घालावी लागते. ही युक्ती या मंडळींना खऱ्या बेसबॉलमध्ये तयार मिळाली.

खऱ्या बेसबॉलमध्ये ती का आली? १९२२ सालच्या जुलैत बॉस्टनच्या एका संघाने जो ड्यूगन हा आपला चांगला खेळाडू न्यूयॉर्कच्या यांकी संघास दिला. यांकींची स्पर्धा होती सेंट लुईसच्या ब्राउन्स संघाशी. हंगाम संपला तेव्हा ब्राउन्स अवघ्या एका सामन्याने मागे राहिले. सेंट लुईसकरांचा संताप कोणीही समजू शकेल. शेवटी कमिशनर लँडिस यांच्या कारकिर्दीत, १९२३ पासून, १५ जूननंतर सरळ अदलाबदल बंद झाली. १९८६ साली ही तारीख ३१ जुलै करण्यात आली. तरीही ऑगस्टात एक आडवाट उघडी होती. तीही २०१९ पासून बुजविण्यात आली.

नियम न्याय्य होता, यात संशय नाही. लहान थैलीच्या संघाचे त्याने रक्षण केले, प्रेक्षकाचेही केले. परंतु संघटनेच्या माणसास येथे एक प्रश्न सुचतो. ज्याची अदलाबदल होते, त्याचे रक्षण कोणी केले? त्याच १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की, बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नव्हे. सबब मक्तेदारीविरुद्धचा कायदा त्यास लागू नाही. हजारो मैल रेल्वेने फिरून तिकिटे विकणारा धंदा हा व्यापार नव्हे, हे ऐकून आमच्यासारख्या न्यायालयाबाहेर कायदा शिकलेल्या माणसास हसू येते.

त्यापूर्वीच १८७९ साली मालकांनी आपापसांत ठरवून खेळाडू ‘राखून ठेवण्याची’ पद्धत सुरू केली होती. प्रथम प्रत्येक संघाचे पाच, पुढे जवळजवळ सगळेच. करार संपला तरी माणूस सुटत नसे. तो विकला जाई, बदलला जाई. स्वतः मात्र दुसऱ्या दारी जाऊ शकत नसे. जॉन माँटगोमेरी वॉर्ड या खेळाडूने १८८५ साली संघटना उभारली. १८९० मध्ये खेळाडूंनी स्वतःची वेगळी स्पर्धाही काढली. ती एकच हंगाम टिकली.

मुदतीच्या दिवशीचे डावपेच पाहावयाचे तर १५ जून १९६४ पाहावा. शिकागोच्या कब्ज संघाने लू ब्रॉक हा तरुण दिला आणि सेंट लुईसच्या कार्डिनल्सकडून एर्नी ब्रॉग्लियो हा नावाजलेला गोलंदाज घेतला. ब्रॉग्लियोने आदल्या वर्षी १८ सामने जिंकले होते. पण त्याचे कोपर दुखावलेले निघाले. शिकागोसाठी तो पुढे एकूण सातच सामने जिंकू शकला. ब्रॉकने मात्र त्याच वर्षी सेंट लुईसला अजिंक्यपद मिळवून देण्यास हातभार लावला. उलट १९८७ साली डेट्रॉइटने ऑगस्टच्या आडवाटेने डॉइल अलेक्झांडरला आणले. त्याने नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि संघ गटात पहिला आला. बदल्यात दिलेला जॉन स्मोल्ट्झ हा कोवळा पोरगा पुढे थोर गोलंदाज झाला. मूर्ख कोण ठरले? आजची भाकरी आणि उद्याचे बियाणे यांतील ही निवड आहे. आमच्या शेतकऱ्यास ती दरसाल करावी लागते.

आता त्याच सेंट लुईस संघातील दुसऱ्या एका माणसाकडे वळू. त्याचे नाव कर्ट फ्लड. बारा वर्षे तो तेथे खेळला. १९६९ च्या ऑक्टोबरात त्यास न विचारता फिलाडेल्फियास देण्यात आले. त्याने जाण्याचे नाकारले व आपण इकडेतिकडे विकावयाची मालमत्ता नाही, अशा अर्थाचे पत्र कमिशनरांस धाडले. त्याचा पगार ९०,००० डॉलर होता. पुष्कळांनी विचारले, एवढा पगार घेणारा गुलाम कसला? आम्हांसही एके काळी हीच शंका आली असती. पण आमच्या कामात आम्ही एक प्रसंग पाहिला. संघटनेचा एक धडपड्या कार्यकर्ता होता. त्याचा पगार कापला नाही, उलट थोडा वाढविला, आणि त्याची बदली चारशे मैलांवर केली. म्हातारी आई, शाळेतली मुले, सगळे येथेच. आम्ही कागद चाळले. बदलीविरुद्ध एक ओळ करारात नव्हती. ती घालून घेण्याचे आम्हांसच सुचले नव्हते. तो गेला. तेव्हापासून पगाराचा आकडा पाहून माणूस मोकळा आहे की नाही हे ठरविण्याचे आम्ही सोडले.

फ्लडच्या पाठीशी खेळाडूंची संघटना उभी राहिली. तिचा कार्यकारी संचालक मार्विन मिलर हा पूर्वी पोलाद कामगारांच्या संघटनेत काम केलेला मनुष्य होता. संघटनेने खर्च उचलला. पण खटल्याच्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयात येऊन बसला नाही. १९७२ साली पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लड हरला. त्याची कारकीर्द संपली होती.

न्यायालयात जे हरले ते टेबलावर मिळाले. १९७३ च्या करारात कलम आले : दहा वर्षे खेळलेला व त्यांतील शेवटची पाच एकाच संघात असलेला खेळाडू आपली अदलाबदल नाकारू शकेल. त्याच वर्षी शिकागोच्या रॉन सँटोने हा हक्क प्रथम बजाविला. १९७५ च्या डिसेंबरात लवाद पीटर सायट्झ यांनी राखीव कलमाचा कणाच मोडला. परिणाम लगेच दिसला. १५ जून १९७६ रोजी, म्हणजे मुदतीच्याच दिवशी, ओकलंडचे मालक चार्ली फिनली यांनी तीन खेळाडू ३५ लाख डॉलरांस विकावयास काढले. ते करार संपून फुकट जातील, ही धास्ती. कमिशनरांनी तो व्यवहार रद्द केला. पण मुदतीस धार आली ती तेव्हापासून. माणूस जाऊ शकतो, म्हणूनच मालकास आज निर्णय घ्यावा लागतो.

आणखी एक गंमत. १९८१ साली खेळाडूंनी जून-जुलैत संप केला. मैदाने ओस पडली. लिहावयास सामने नाहीत म्हणून काही वार्ताहरांनी या कागदी खेळावर लिहिले, आणि तो देशभर पसरला. संपाने कोणाकोणाचे पोट भरते, हे सांगता येत नाही!

पुतण्यास आम्ही इतकेच सांगितले : समोरच्यास काय हवे ते आधी पाहा, आणि अखेरच्या रात्रीपर्यंत थांबू नको, तोवर तुझी गरज त्यास कळलेली असते. त्याने आपला मोठा खेळाडू दिला. कागदी व्यवहारात कोणाचे बिऱ्हाड हलले नाही, हे बरे झाले. फ्लडच्या बाबतीत तसे नव्हते. ज्या कलमाने सँटोस ‘नाही’ म्हणता आले, त्याच्या दोन्ही अटी १९६९ साली फ्लडने पुऱ्या केलेल्या होत्या. फक्त कलम तेव्हा नव्हते.