दातांच्या डॉक्टरांची पहिली भेट : भीती आली कुठून?

“गप्प बसला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील हं!” माझ्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावरून हे वाक्य नेहमी ऐकू येते. बोलणारे बहुधा आजी-आजोबा असतात. त्यांना दोष देववत नाही, त्यांच्या लहानपणी ही भीती खरीच होती.

हवेच्या दाबावर फिरणारे वेगवान ड्रिल अमेरिकेत बाजारात आले ते १९५७ साली. त्याआधीची यंत्रे सावकाश फिरत आणि दात चांगलाच हादरे. मूल रडून हातपाय झाडू लागले तर? इव्हँजेलिन जॉर्डन या अमेरिकेतल्या लहान मुलांच्या दंतवैद्य. त्यांनी १९२०च्या दशकात उपाय सुचवला, की घडी केलेला रुमाल मुलाच्या तोंडावर धरायचा. पुढे रुमालाच्या जागी डॉक्टरांचा हात आला. ‘तोंडावर हात’ ही पद्धत कित्येक दशके चक्क शिकवली जात होती. अमेरिकेतील बालदंतवैद्यांच्या अकादमीने ती आपल्या मार्गदर्शक सूचनांतून वगळली २००६ साली. म्हणजे अगदी काल-परवा!

दुसरी वाटही तेव्हाच सापडली होती. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा हळूहळू जवळ आणत गेले आणि भीती ओसरली. १९५९ मध्ये ॲडलस्टन या दंतवैद्यांनी असाच क्रम दवाखान्यासाठी मांडला : आधी सांगा, मग दाखवा, मग करा. मीही तेच करतो. छोटा आरसा आधी मुलाच्या हातात देतो, ब्रश त्याच्या नखावर फिरवून दाखवतो, तोंडात नंतर.

पण दाढ ठणकत असलेल्या मुलाला सांगायला-दाखवायला सवड कुठली? म्हणून पहिला दात आला, की पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा दाखवून घ्या. एवढ्या लहान बाळाला खुर्चीत बसवतही नाहीत. ते आईच्या मांडीवरच असते, फक्त डोके डॉक्टरांच्या मांडीवर टेकवतात.

थोड्या मोठ्या मुलाला घरी आरशासमोर ‘आ’ करायला लावून दात मोजा. “डॉक्टरकाका असेच मोजणार आहेत” एवढेच सांगा. “अजिबात दुखणार नाही हं” असे मात्र म्हणू नका. दुखण्याचा विषय तोवर त्याच्या डोक्यातही नसतो.