कापसाचा पीळ

दिवाळी आली की आमच्या खानदेशात घरोघरी आज्या वाती वळायला बसतात. सरकी काढलेला कापूस तळहातावर घेऊन त्याला पीळ देतात. पण त्या कापसाच्या तंतूतंतूला निसर्गाने आधीच पीळ घालून ठेवलेला असतो, हे मी प्रथम धुळ्याच्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकात पाहिले. मुलांनाही दाखवले. एक जण ओरडला, "सर, हाई ते पिळेल रिबिन शे!" याहून नेमके वर्णन मला आजवर ग्रंथांतही सापडलेले नाही.

बोंड मिटलेले असते तोवर हा तंतू म्हणजे रसाने भरलेली नळी. सरकीच्या सालीवरची एकच पेशी वाढून ती झालेली. बोंड उमलले की रस सुकतो, नळी चपटी होते आणि वळत जाते, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. जळगावच्या जिनिंगमध्ये डोंगराएवढे ढीग पडतात, त्यांतल्या प्रत्येक तंतूत ही नक्षी आहे. अपक्व तंतूंत तेवढी ती नीट उमटत नाही.

असल्या चित्रांचा नाद जुना आहे. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने 1665 साली 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ काढला. त्यात पिसवेच्या भल्यामोठ्या चित्राबरोबर तलम कापडाचेही चित्र आहे. नुसत्या डोळ्यांना सूत दिसू नये इतके ते तलम. भिंगाखाली मात्र जाडीभरडी चटईच! हॉलंडचा लेव्हेनहूक तर धंद्याने कापडवालाच होता.

आपल्याकडे 1924 साली मुंबईला माटुंग्यात कापसाची प्रयोगशाळा निघाली. मोहेंजोदडोच्या एका चांदीच्या भांड्याला चिकटून कापडाचे तुकडे राहिले होते, ते तपासणीसाठी तिथे आले. गुलाटी आणि टर्नर यांनी ते भिंगाखाली धरले. तोच पीळ! सिंधूकाठचे लोक साडेचार हजार वर्षांपूर्वी कापूस कातत होते, हे 1928 साली त्यांच्या टिपणातून जगापुढे आले.

पण मला चटका लावते ते दुसरेच चित्र. तापीकाठचे प्रकाशे, गिरणेकाठचे बहाळ येथे ताम्रपाषाण काळातल्या वस्त्या उत्खननात निघाल्या. तशीच एक वस्ती प्रवरेकाठी नेवाशाला निघाली. होय, ज्ञानेश्वरांचेच नेवासे. डॉ. सांकलियांनी तिथे 1954 ते 56 या काळात उत्खनन केले. त्या काळचे लोक दगावलेल्या मुलाला दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरत. लेकरू घराबाहेर धाडवत नसावे, असे आपले माझ्यातल्या कादंबरीकाराला वाटते.

नेवाशात एका बालकाच्या गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांत थोडा धागा उरला होता. गुलाटींनी तो तपासला. एक तंतू काचेच्या कांडीसारखा सरळ, गुळगुळीत: ते रेशीम. त्याच्या जोडीला पिळाची फीत: तो कापूस. पुणे जिल्ह्यातल्या चांदोलीच्या मण्यांतल्या धाग्याला बांबूसारखी पेरे दिसली. तो जवसाचा निघाला.

कापूस मातीत लवकर कुजतो. नेवाशाच्या मण्यांवर मात्र तांब्याचा हिरवा गंज चढला आणि त्या गंजाने धागा राखला. तीन हजार वर्षे तो त्या बाळाच्या गळ्याशी होता.