दाद कोठे मागावी?

‘वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण याच अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातीत सरकारी मदतीचा इतिहासही जुना आहे. मदत कोणाला मिळाली, यावर पुष्कळ लिहिले गेले. पण ज्याला ती नाकारली गेली त्याने जायचे कोठे? या प्रश्नाचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. तो आज थोडक्यात पाहू.

१८५३ साली निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपविला. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ-निवारणाचे नियम बांधले गेले, आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात वऱ्हाडात त्यांची कसोटी लागली. नियम असा, की धडधाकट माणसाने खडी फोडावी, माती वाहावी आणि मजुरी घ्यावी. म्हातारे, पांगळे, आंधळे यांची यादी गावच्या अंमलदारांनी करावी आणि वरच्या अधिकाऱ्याने ती तपासावी. आता बघा, यादीतून नाव गळाले तर? साहेबाचा घोडा गावात येईल तेव्हा त्याच्यापुढे हात जोडायचे, एवढेच. ती विनवणी होती. तिला अपील म्हणता येत नाही. मदत ही सरकारची मेहेरबानी होती, आणि मेहेरबानीवर दाद कसली?

त्याच सुमारास विलायतेत मात्र निराळा विचार चालू होता. तेथे १९११ च्या कायद्याने काही धंद्यांतील कामगारांना बेकारीचा विमा मिळाला. विमा अधिकाऱ्याने भत्ता नाकारला, तर कामगाराला पंचांपुढे जाता येई. त्या पंचांत एक मालकांच्या बाजूचा, एक कामगारांच्या बाजूचा आणि वर एक अध्यक्ष. ज्याने नाकारले त्याच्यापुढेच पुन्हा उभे राहायचे नाही, हे त्यातले मर्म.

आपल्याकडे मेहेरबानीचा हक्क व्हायला बराच काळ जावा लागला. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत दिले नाही, तर बेकारी भत्ता देणे सरकारवर बंधनकारक झाले. १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. विधवा, अपंग, निराधार यांचे अर्ज तहसील कचेरीत जाऊ लागले. अर्ज आला, की मंजुरी आली. आणि मंजुरीच्या पाठोपाठ नामंजुरीही आली.

आता अलीकडच्या, अधिक दुःखद प्रकरणाकडे वळू. वऱ्हाडात शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या, तेव्हा राज्य सरकारने डिसेंबर २००५ मध्ये मृताच्या कुटुंबाला एक लाख रुपये साहाय्य देण्याचे ठरविले. तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत, अशी त्याची वाटणी झाली. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा. शेती होती काय? बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकार यांचे कर्ज होते काय? ते थकले होते काय, वसुलीचा तगादा होता काय? अशी उत्तरे तपासून प्रत्येक प्रकरणावर तीन शब्दांपैकी एक शब्द पडे : पात्र, अपात्र किंवा चौकशीसाठी प्रलंबित.

नियम वाचताना सरळ वाटतो. पण आपल्या गावातली रीत आठवा. शेत मक्त्याने किंवा बटईने केलेले, मग सातबाऱ्यावर नाव कोठून येणार? बियाणे कृषी केंद्रातून उधार, लग्नाला पैसे पाव्हण्याकडून, त्याची पावती कोठे? कागद नाही म्हणजे कर्ज नाही, असे कचेरी म्हणते. घरातल्या बाईला मात्र दारात आलेला प्रत्येक सावकार आठवतो.

अशा वेळी ती बाई काय करू शकते? फेरचौकशीचा अर्ज देता येतो. पण तो बहुधा त्याच जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत जातो. विलायतेच्या पंचांसारखा तिसरा माणूस येथे नाही. शेवटची वाट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची. अकोल्याहून नागपूर, वकील, तारखा... एक लाखासाठी ही वाट किती जणांना परवडावी?

तरीही हातात काहीच नाही, असे समजू नका. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने पोलिसांचा पंचनामा, तलाठ्याचा अहवाल आणि समितीच्या बैठकीचे टिपण यांच्या नकला मागता येतात. तीस दिवसांत मिळाल्या नाहीत, तर पहिले अपील त्याच खात्यातील वरिष्ठाकडे आणि दुसरे माहिती आयोगाकडे. आयोगाचे खंडपीठ अमरावतीलाच आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासारखी अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही किंवा नाकारली, तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दोन अपिले खात्यात आणि तिसरे आयोगाकडे करता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूदही त्यात आहे.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. क्रांती असोसिएट्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट सांगितले, की कोणाचे नुकसान करणारा निर्णय देताना कारणे नोंदविली पाहिजेत. नुसते ‘अपात्र’ लिहून भागत नाही. कारण कळल्याखेरीज अपील करणार तरी कशावर? म्हणून नकार आला, की प्रथम तो लेखी मागा, त्याची तारीख मागा आणि त्याखालचे कारण मागा. सर्वांत आधी ज्या कागदाची उणीव दाखविली असेल, त्याच्या बदली दुसरा कोणता पुरावा देता येईल ते पाहा : शेजाऱ्याची साक्ष, सोसायटीचा उतारा, दुकानदाराची वही.

साहेबाच्या घोड्याची वाट पाहण्यापासून लेखी कारण मागण्यापर्यंत यायला वऱ्हाडला शंभरावर वर्षे लागली. नकार देणाऱ्याहून वेगळा कोणी तो नकार तपासील, एवढी शेवटची मजल अजून गाठायची आहे. तोवर मिळालेला हक्क वापरीत राहणे, आणि ज्या बाईला अर्ज लिहिता येत नाही तिचा अर्ज लिहून देणे, हे तर आपल्या हाती आहे.