बोटांना कळणारी अक्षरे

फ्रान्समध्ये पॅरिसच्या पूर्वेला कूव्रे नावाचे एक खेडे आहे. घोड्यांचा चामडी साज करणाऱ्या तिथल्या एका कारागिराच्या घरी १८०९ साली लुई ब्रेल जन्मला. तीन वर्षांचा असताना बापाच्या दुकानातले टोकदार हत्यार खेळता खेळता त्याच्या डोळ्यात गेले. जखम चिघळली, दुसरा डोळाही गेला.

आता असे पोर शाळेत घेऊन करायचे काय? तुम्ही-आम्ही कदाचित हेच विचारले असते. गावच्या मास्तरांनी मात्र त्याला डोळस मुलांतच बसवून घेतले. नुसते ऐकून लुई वर्गात पुढे राहिला. पण पुस्तके उघडली, की त्याचे हात रिकामे!

दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. तिथे पुस्तके होती. त्यांत नेहमीचीच अक्षरे कागदावर उठवलेली, दिसायला सुरेख. कोणाला दिसायला, हे मात्र विचारू नका! एकेक अक्षर चाचपता चाचपता ओळीचा आरंभ विसरायचा. आणि अशी अक्षरे मुलाला स्वतः लिहिता येणे तर दूरच.

याबाबतीत मी कोणाला नावे ठेवीत नाही. मंद दृष्टीच्या एका विद्यार्थ्याला पहिल्या बाकावर बसवून मी वर्षभर समाधानात होतो. तिथूनही त्याला फळा वाचता येत नव्हता, हे परीक्षेनंतर त्याच्याच तोंडून कळले. मी विचारलेच नव्हते.

पुढे शार्ल बार्बिए नावाच्या एका माजी फौजी अधिकाऱ्याची उठावदार ठिपक्यांची लिपी शाळेत आली. तिच्या एका खुणेत १२ ठिपके, म्हणजे बोटाच्या टोकाखाली न मावणारे. लुईने ते ६ वर आणले. साल १८२४, वय अवघे पंधरा! १८२९ मध्ये त्याने ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली.

एवढे झाल्यावर शाळेने ती उचलून धरली असेल, असे वाटते ना? उलट १८४० नंतर नव्या प्रमुखांनी तिला मनाईच केली. अंधांची लिपी डोळसांपेक्षा निराळी नसावी, हा त्यांचा आग्रह. मुले मात्र आपापसांत ठिपक्यांनीच लिहीत राहिली. शेवटी शाळेने १८५४ साली ती अधिकृत मानली. त्याच शाळेत शिक्षक झालेला ब्रेल १८५२ मध्येच वारला होता.

आपल्याकडे भारतीय भाषांसाठी समान ‘भारती ब्रेल’ १९५१ मध्ये ठरली. तिच्यात ‘क’ म्हणजे डाव्या उभ्या ओळीतला वरचा आणि खालचा ठिपका. मराठी मुलाच्या बोटाला लागतो तोच ‘क’ हिंदी आणि बंगाली मुलाच्याही बोटाला लागतो.