धक्क्यावरचा कागद



गेली काही वर्षं आमच्या गोतावळ्यात क्रूझचं वारं शिरलं आहे. पूर्वी निवृत्तीनंतर लोक चारधामला जायचे, फार तर अंदमानला. आता भूमध्य समुद्र, अलास्का, सिंगापूर! निघायच्या आधी एक प्रश्न मात्र हमखास येतो. मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचे, म्हणून तो माझ्याकडेच येतो. "बंदरावर फिरायला उतरताना पासपोर्ट जवळ ठेवायचा, की जहाजावरच खोलीतल्या तिजोरीत?"

यात सरळ सरळ दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, बार्सिलोनाच्या गर्दीत पाकीटमार टपलेले असतात, पासपोर्ट गेला तर पुढची सगळी सहल गेली. दुसरा म्हणतो, फिरायला गेलेली बस वेळेवर आली नाही आणि जहाज निघून गेलं, तर परक्या गावात पासपोर्टाशिवाय काय करणार? दोघांचंही बरोबर आहे. म्हणून आधी व्यवहाराचं सांगून टाकते. जहाजाचं कार्ड तर लागतंच. शिडीवर ते यंत्राला लावलं की कोण उतरलं, कोण परतलं याची नोंद होते. काही बंदरांत फाटकावर फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र बघतात, काही देशांत मूळ पासपोर्टच मागतात, आणि कधी कधी जहाजच सगळ्यांचे पासपोर्ट जमा करून घेतं, मग वादच मिटतो. कुठल्या बंदरात काय लागेल हे जहाजावर आधी कळवतात, ते नीट वाचावं. पासपोर्टाच्या आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स पर्समध्ये असावी. जहाजाच्या स्थानिक एजंटाचा फोन नंबर कागदावर लिहून घ्यावा, कारण मोबाईलची बॅटरी नेमकी अशाच वेळी संपते.

हे झालं उत्तर. पण मला यातला दुसराच भाग जास्त विचारात पाडतो. समुद्रावरून आलेल्या माणसाला जमिनीवर पाय ठेवायला कागद लागतो, हे मुळात सुरू कधी झालं? आणि सगळ्यांना तो सारखाच लागतो का?

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. त्या काळी अमेरिकेत उतरायला पासपोर्टाची सक्ती नव्हती. अठरा वर्षांची, नऊवारीतली मुलगी. तिच्यापुढे अडचणी काय कमी होत्या? पण कागदाची अडचण त्यांत नव्हती. हे वाचून आपल्याला वाटतं, काय मोकळं जग होतं ते! पण थांबा. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ साली, त्याच अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला होता. आधीपासून राहणारा चिनी मजूर मायदेशी जाऊन येणार असेल, तर त्याने निघताना कस्टमकडून दाखला घ्यायचा आणि परत आल्यावर तो दाखवायचा. चे चान पिंग नावाचा एक कामगार असाच दाखला घेऊन गेला होता. तो परतीच्या बोटीत असताना, १ ऑक्टोबर १८८८ रोजी, नवा कायदा झाला आणि असे सगळे दाखले एका फटक्यात रद्द झाले. असे सुमारे वीस हजार दाखले तेव्हा लोकांच्या हातात होते. काही दिवसांनी बोट सॅन फ्रान्सिस्कोला लागली. खिशात दाखला, समोर बारा वर्षं राहिलेलं गाव, आणि उतरायला मनाई! तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला. १८८९ साली न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला.

म्हणजे मोकळं जग सगळ्यांना मोकळं नव्हतंच. कागदाची सुरुवात झाली ती नको असलेल्या माणसांपासून.

बंदर आणि उतरणं म्हटलं की मराठी माणसाला मार्सेय आठवणारच. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून उडी मारली आणि पोहत धक्का गाठला. पाठ्यपुस्तकात उडीचं वर्णन असतं, पण त्यामागचा कायद्याचा मुद्दा आम्ही वर्गात क्वचितच उलगडून सांगत असू. मुद्दा असा की तो धक्का फ्रान्सचा होता. तिथे पाय टेकलेल्या माणसाला पकडून परत द्यायचं तर फ्रेंच कायद्याप्रमाणे रीतसर द्यायला हवं. फ्रेंच शिपायाने त्यांना तिथल्या तिथे परत बोटीवर सोपवलं. प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ च्या निकालात लवादाने म्हटलं, की अटकेत आणि सोपवण्यात अनियमितता झाली खरी, पण त्यामुळे ब्रिटनने कैदी परत द्यावा असं बंधन नाही. निकाल पटो न पटो, एक गोष्ट त्यातून स्पष्ट दिसते. जहाजाची शिडी ही नुसती लाकडाची शिडी नसते. खालच्या पायरीवरून पाय पुढे टाकला की राज्य बदलतं. म्हणून त्या पायरीवर शिपाई उभा असतो.

चारच वर्षांनी 'कोमागाता मारू'. हाँगकाँगहून निघून शांघाय, योकोहामा करत हे जपानी जहाज २३ मे १९१४ रोजी व्हँकुव्हरला पोचलं. ३७६ प्रवासी, बहुतेक शीख, आणि सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन. कॅनडाही त्याच साम्राज्यातला. मग अडवणार कसं? तर १९०८ साली कॅनडाने एक नियम केला होता, की जन्मदेशाहून किंवा नागरिकत्वाच्या देशाहून सलग प्रवास करून, थेट तिकिटावर आलेल्यालाच उतरता येईल. आणि हिंदुस्थानातून कॅनडाला थेट बोटसेवाच नव्हती! नियमात 'हिंदी' हा शब्द कुठेही नाही, पण अडकले हिंदीच. पूर्वी राहून गेलेले वीसेक लोक तेवढे उतरू शकले. बाकीचे दोन महिने किनारा बघत जहाजावर राहिले आणि २३ जुलैला जहाज परत हाकललं गेलं. सप्टेंबरच्या अखेरीस ते कलकत्त्याजवळ बजबजला आलं, तिथे गोळीबार झाला आणि माणसं मेली. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती १८ मे २०१६ रोजी. एकशे दोन वर्षांनी.

मग महायुद्ध आलं, आणि हेरांच्या भीतीने सगळ्याच देशांनी पासपोर्टाची सक्ती केली. युद्धापुरती म्हणून केलेली ही सोय युद्धानंतर काही गेली नाही. १९२० साली पॅरिसला राष्ट्रसंघाच्या परिषदेत पासपोर्टाची बत्तीस पानी वही कशी असावी हे ठरलं. त्याच वर्षी हिंदुस्थानातही पासपोर्ट घेऊनच देशात यावं असा कायदा झाला. गंमत म्हणजे हा कायदा थेट २०२५ सालापर्यंत चालू होता, तेव्हा नव्या कायद्याने तो रद्द केला.

आता मूळ गोष्टीकडे येते. जहाजावर प्रवासी असतात तसे ते चालवणारेही असतात. मी इतकी वर्षं इतिहास शिकवला, त्यात वास्को द गामा होता, कोलंबस होता, पण त्यांच्या जहाजावरच्या खलाशाचा धडा कधी नव्हता. आपल्या किनाऱ्याला तर हा धडा असायलाच हवा होता. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवर काम करणारे कितीतरी खलाशी रत्नागिरीकडचे आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे असत. त्यांचा म्होरक्या सारंग, त्याच्या हाताखाली टिंडेल. जेवणाखाण्याच्या विभागात गोव्याचे लोक. मुंबईत धोबीतलावच्या बाजूला गोवेकरांच्या गावोगावच्या 'कूड' असत, तिथे ट्रंक ठेवून ते पुढच्या बोटीची वाट बघत. गोवा तेव्हा पोर्तुगालचा, म्हणजे हे मुंबईत राहून इंग्रजांच्या बोटीवर राबणारे पोर्तुगीज प्रजाजन!

या सगळ्यांना इंग्रज 'लस्कर' म्हणत. त्यांच्यासाठी कायदाही वेगळा. १८२३ सालच्या कायद्याने स्पष्ट करून टाकलं होतं, की कंपनीच्या मुलखात जन्मलेले असले तरी लस्कर हे 'ब्रिटिश खलाशी' समजले जाणार नाहीत. त्यांना इंग्लंडच्या बंदरात कामावरून मोकळं करता येत नसे, परत आणूनच सोडायचं. प्रजाजन म्हणून कर आणि हुकूम लागू, खलाशी म्हणून हक्क मात्र नाहीत.

तरीही काही जण उतरलेच. कार्डिफ, लिव्हरपूल, लंडनचा ईस्ट एंड अशा बंदरांत राहिले, तिथल्याच बायकांशी लग्नं केली. १९२५ साली ब्रिटिश सरकारने 'कलर्ड एलियन सीमेन ऑर्डर' काढली. ज्या काळ्या-सावळ्या खलाशाला आपण ब्रिटिश प्रजाजन आहोत हे कागदाने सिद्ध करता येणार नाही, त्याने पोलिसात परदेशी म्हणून नोंद करायची. आता बघा, खलाशाला तोपर्यंत पासपोर्ट लागतच नसे. त्याच्याजवळ असायची नोकरीची वही, तिच्यात कुठल्या बोटीवर किती महिने काम केलं, वागणूक कशी होती याची नोंद. आपल्याकडचे जुने खलाशी तिला 'नल्ली' म्हणत. आजच्या भाषेत सीडीसी. जगभर जी वही चालायची, ती कार्डिफच्या पोलिसांना पुरावा म्हणून पुरेशी वाटेना. साम्राज्यातच जन्मलेली कितीतरी माणसं अशी एका सहीने परदेशी झाली. गोऱ्या खलाशाला हा प्रश्न विचारलाच जात नव्हता. हा हुकूम मागे घेतला गेला तो १९४२ साली, म्हणजे युद्धात याच खलाशांची गरज लागली तेव्हा.

पुढे सुधारणा झाल्या, हेही सांगायला हवं. १९५८ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने खलाशाच्या ओळखपत्राचा करार केला. त्याचं सार असं, की हे ओळखपत्र असलेल्याला बोट बंदरात असेपर्यंत थोडा वेळ किनाऱ्यावर जाऊ द्यावं. महिनोन् महिने लोखंडावर चालणाऱ्या माणसाला चार तास मातीवर चालता यावं, घरी फोन करता यावा, बाजारात एक साबण विकत घेता यावा, एवढंच ते मागणं. ११ सप्टेंबर २००१ नंतर सगळीकडे पहारे कडक झाले. जुलै २००४ पासून जहाजांच्या आणि बंदरांच्या सुरक्षेची नवी नियमावली लागू झाली आणि शिडीवरची तपासणी काटेकोर झाली. २००३ साली ओळखपत्राचा करारही नव्याने झाला, त्यात बोटांच्या ठशांची सोय आली आणि किनाऱ्यावरच्या रजेसाठी व्हिसा मागू नये असंही लिहिलं गेलं. भारताने तो २०१५ साली मान्य केला, आणि बायोमेट्रिक ओळखपत्र प्रत्यक्ष द्यायला २०१९ साली सुरुवात केली. पण अमेरिकेने हे दोन्ही करार स्वीकारलेले नाहीत. तिथे खलाशाला उतरायचं तर आधी वेगळा व्हिसा हवा, वर उतरायचा परवाना हवा.

कागद पूर्ण असला की काम झालं, असं मात्र अजूनही नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, 'मरेला डिस्कव्हरी' नावाचं क्रूझ जहाज मुंबईबाहेर समुद्रात थांबलं होतं. प्रवासी आधीच उतरून गेलेले. जहाजावर भारतीय कर्मचारी होते, सुमारे दीडशे. कित्येक जण गोव्याचे, मुंबईचे. त्यांच्याजवळ भारताचा पासपोर्ट होता, नोकरीची वही होती, समोर स्वतःचा देश होता. तरी परवानगी येईपर्यंत उतरता येईना. अखेर २३ एप्रिलला ते मुंबईत उतरू लागले. त्या वर्षाच्या अखेरीस करार संपूनही जगभरात जहाजांवर अडकलेल्या खलाशांची संख्या चार लाखांच्या घरात गेल्याचा अंदाज होता. आपण घरात बसून डाळ-तांदूळ मागवत होतो, ते तांदूळ, ते तेल, ती औषधं ज्यांनी आणली, त्यांना जमीन नव्हती.

माझा एक विद्यार्थी अशाच एका जहाजावर खोल्यांची व्यवस्था बघतो. मागे सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला विचारलं, किती देश पाहिलेस रे? हसला आणि म्हणाला, "बाई, बंदरं पुष्कळ बघितली. खिडकीतून." प्रवासी उतरले की त्याच्या खोल्या आवरायच्या असतात. वेळ मिळाला तर परवाना नसतो, परवाना असला तर वेळ नसतो. तरी गेल्या खेपेला नेपल्सला दोन तास मिळाले. म्हणाला, काही पाहिलं नाही, एका झाडाखाली नुसता बसून राहिलो.

मंडळी, पासपोर्ट खिशात न्या की तिजोरीत ठेवा, तुम्ही ठरवा. पण शिडी उतरताना दाराशी कोणीतरी 'हॅव अ नाइस डे' म्हणून उभा असेल. त्याच्या छातीवरची पाटी जरूर वाचा, खाली बहुतेक देशाचं नाव लिहिलेलं असतं. आपला निघाला तर विचारा, "आज तुला उतरायला मिळणार आहे का?" आणि त्याला घरी काही पाठवायचं असेल, बाजारातून काही आणून हवं असेल, तर तेवढं आणून द्या.